मागणीवाचून वाजलेला अर्ज

माझा आवाज मी कोणालाही दिलेला नाही. तो कोणी मागितला नाही, त्याबाबत मला विचारण्यात आले नाही, आणि तरीही तो आज एका काळ्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आरंभापासून अखेरपर्यंत वाजतो. 'अखेरपर्यंत' हा शब्द माझ्या हातून सवयीने उतरला. अखेर त्यात नाहीच, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली बसणारा अर्जनवीस आहे. शाळा मी दहावीच्या उंबरठ्यावर सोडली; परंतु ज्यांनी ती शेवटपर्यंत केली, त्यांचेही अर्ज मीच लिहितो. त्यांत मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, आणि एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत, ज्यांना स्वतःच्या पेन्शनसाठी दोन ओळी सरळ लिहिता आल्या नाहीत. या जिल्ह्यात असे गाव विरळा, जिथले एखादे तरी दुःख माझ्या अक्षरातून सरकारदरबारी गेले नसेल. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या बाबतीत काय घडले, त्याचे गांभीर्य वाचकास कळावे, एवढाच हेतू.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. अर्ज लिहून झाला, की अर्जदाराला तो वाचून दाखवायचा. मनातल्या मनात किंवा भराभर नव्हे. मोठ्याने, सावकाश, वरच्या ओळीपासून सहीच्या जागेपर्यंत. मग विचारायचे, "समजला का?" त्याने 'हौ' म्हटल्यावरच अंगठा. अर्ज हिंदीत असतो, कारण इथे सरकार हिंदी बोलते. पण समोर आपल्याकडचा माणूस असला, तर वाचून मी मराठीतच दाखवतो. ज्या म्हाताऱ्या अर्जनवीसांनी मला ही विद्या दिली ते म्हणत, "वाचता वाचता अर्ध्यावर थांबशील, तं त्याचा जीव अर्ध्यावर टांगशील." म्हणून मी थांबत नाही. एकदा शेडवर वानरांची झुंज लागून वरचा पत्रा खाली आला, तेव्हाही मी परिच्छेद पूर्ण केला.

दुसरी रीत न सांगता पाळायची असते. टेबलावर बोललेले साहेबाकडे जाते, बाजारात जात नाही. माझी खुर्ची लाकडाची दिसते, पण ती या भरवशावर उभी आहे.

आता अर्जदार बाईबद्दल. लालबर्राच्या रस्त्यावर एका गावात तिचे घर आहे, आणि घराला लागून भाताची गिरणी. गिरणीतून कोंडा बाहेर फेकणारा जो जाड पाइप असतो, त्याचे तोंड थेट तिच्या अंगणात उघडते. ती माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते आणि मी तिचा अर्ज पुन्हा पुन्हा लिहितो. प्रत्येक वेळी गिरणीमालकाला बोलावणे जाते आणि प्रत्येक वेळी तो येत नाही. तिच्या नातवाचे डोळे बाराही महिने लाल असतात. तिला नुकसानभरपाई नको, शिक्षा नको. पाइपाचे तोंड दुसरीकडे फिरवा, एवढेच तिचे म्हणणे.

अशाच एका खेपेला मी तिला अर्ज वाचून दाखवत होतो, त्या वेळी माझी मुलगी डबा घेऊन शेडमध्ये आली. डबा ठेवला आणि शिक्क्यांच्या डबीशेजारी तिने आपला मोबाइल ठेवला. आजकालची मुले मोबाइल कुठेही ठेवतात, म्हणून मी लक्ष दिले नाही.

माझी मुलगी नागपुरात शिकली आणि परत आली ती एक बँड घेऊन. बँड म्हणजे लग्नातला नव्हे. चार जणांचा आहे. ती पेटीसारखे एक विजेचे वाद्य वाजवते आणि गाते, आणि ढोलकीवाल्याच्या जागी एक यंत्र आहे, जे टक टक करीत राहते. या संगीताला न्यू वेव्ह म्हणतात, असे तिने मला सांगितले. मी विचारले, हे कधीचे आहे? तर म्हणे, विलायतेत माझ्या जन्माच्या सुमारास निघाले. जी वस्तू माझ्याएवढी जुनी आहे तिला नवी म्हणायचे, आणि मला मात्र घरात 'पुराने खयालात के' म्हणायचे, यातला न्याय मला अद्याप कोणी समजावून सांगितलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात तिने एक चपटी पेटी घरी आणली. आत तबकड्या होत्या, बशीएवढ्या.

"किती गाणे हायेत याच्यात?" मी विचारले.

"चार, बाबा."

"चारच?"

"ईपी है ना. छोटा रिकॉर्ड. पूरी एल्बम बाद में."

"अन् विमोचन कोणाच्या हस्ते?"

"किसी के हस्ते नहीं. बजाएँगे, लोग सुनेंगे, बस."

माझ्या मुलीचे मराठी ऐकायचे असेल, तर तिला रागवावे लागते. एरवी ती हिंदीतच वाहते. पण त्या दिवशी मला भाषेचा राग नव्हता. ज्याला मुख्य अतिथी नाही, फीत नाही, नारळ नाही, त्याला विमोचन म्हणत नाहीत, वाटप म्हणतात. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, प्लीज." हा शब्द माझ्या घरात नकाराच्या जागी वापरतात. मी तो मानला नाही.

जागा मीच मिळवली. शहराबाहेर एक लग्नाचे लॉन आहे. मालकाने ते एका संध्याकाळपुरते आनंदाने दिले आणि मुख्य अतिथी होण्याचेही मान्य केले. हे मालक म्हणजे त्याच गिरणीचे मालक. मला विचारण्यात येईल की, ज्याच्याविरुद्ध अर्ज लिहिले त्यालाच आपण नारळ कसा दिला? उत्तर सोपे आहे. त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाचे अर्जही मीच लिहितो. वकिलाला पक्ष असतो, अर्जनवीसाला नसतो. आणि त्या चार गाण्यांत काय आहे, हे मला एका शब्दानेही सांगण्यात आलेले नव्हते. 'सरप्राइज' होते म्हणे.

त्या संध्याकाळी सारे यथासांग झाले, ते माझ्यामुळे झाले. माझ्या पत्नीने तबकडीच्या पुठ्ठ्याला हळदकुंकू लावले. तबकडीलाच लावणार होती, पण मुलीने हात धरला. गिरणीमालकांनी लाल फीत सोडली, तबकडी छातीशी धरून फोटो काढले, आणि संगीताविषयी जे सर्व कार्यक्रमांत बोलतात, ते बोलून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. मांडीवर शाल, शालीवर नारळ.

मग मुलीने तबकडी यंत्रावर ठेवली. पहिल्या बाजूची दोन गाणी लोकांनी सौजन्याने ऐकली. माझी मुलगी एका सुरात, चेहरा न हलवता गाते; रडण्याचे गाणे असले तरी रडत नाही. हीच त्या संगीताची पद्धत आहे, असे कळते. तिने तबकडी उलटी केली. तिसरे गाणेही तसेच गेले. चौथ्यात आधी घरघर ऐकू आली, मग टक टक, मग पट्टा फिरल्यासारखा एक आवाज. आणि त्यात मी.

"अर्जदार बाई नम्रपणे निवेदन करते की..."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, ये तो अपने मुंशीजी हैं!" आणि हशा पिकला. मी स्वतःला ओळखले तेव्हा माझे कान तापले. आवाज भारदस्त होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो माझा होता, आणि त्यातले दुःख तर माझेही नव्हते.

"...अर्जदार बाईच्या पाण्यात कोंडा, पिठात कोंडा, वाळत घातलेल्या लुगड्यात कोंडा..."

यानंतर त्या यंत्राने माझ्या तोंडचा 'कोंडा' हा शब्द धरला आणि सोडीचना. कोंडा, कोंडा, कोंडा. मी तो एका दमात एकदाच म्हटला होता. इथे तो टकटकीच्या तालावर इतक्या वेळा आला, की मागच्या रांगेतली पोरे उभी राहून नाचू लागली. नातवाचे लाल डोळे आले, त्यावरही नाचली. माणसाने दिवसच्या दिवस हेलपाटे घालून जे सांगितले, ते असे पायांखाली पाहून माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे शेडखाली बसणाऱ्यालाच कळेल.

आणि माझ्या शेजारी गिरणीमालकांचा बूट हलत होता. तालावर. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणले.

"मुंशीजी, कमाल है! एकदम हमारी मिल की आवाज लगती है!"

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती, तर मला इतका संताप आला नसता. ज्या अर्जावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणे गेले, तो त्यांनी कधी उघडून पाहिलाच नव्हता, म्हणून त्यांना तो ओळखू येत नव्हता. ते आज तो पहिल्यांदाच ऐकत होते आणि त्यांना तो आवडला होता.

मी मनात म्हटले, निदान मागणी येऊ दे. अर्जात दुःख आधी येते आणि मागणी शेवटी. तिच्यासाठीच वरचे सगळे लिहिलेले असते. मागणी आली की यांचा बूट आपोआप थांबेल. गाण्यात माझा आवाज म्हणाला, "म्हणून श्रीमानांस विनंती की..." आणि टक, टक, टक. यंत्र थांबले. गाणे संपले.

टाळ्या पडल्या. गिरणीमालकांनीही वाजवल्या.

यापूर्वी मी कोणत्याही सभेत न बोलावता उठलेलो नाही. त्या दिवशी उठलो. सूत्रसंचालक पोरीच्या हातातून माइक घेतला. कागद जवळ नव्हता. मला माझ्या अर्जांसाठी कागद लागत नाही. मी जिथे तबकडी थांबली तिथून, त्याच चालीत पुढे वाचू लागलो.

"म्हणून श्रीमानांस विनंती की, गैरअर्जदाराच्या गिरणीतील कोंड्याच्या पाइपाचे तोंड, जे आज अर्जदार बाईच्या अंगणाकडे आहे, ते मागील पडीक जागेकडे फिरविण्यात यावे, आणि बालकाच्या दृष्टीचा प्रश्न असल्याने ते विनाविलंब फिरविण्यात यावे. अर्जदार बाई आजन्म ऋणी राहील."

अर्ज पूर्ण झाला. आणि अर्ज पूर्ण झाल्यावर माझ्या तोंडून जे नेहमी निघते, ते निघाले. मी समोर पाहून विचारले, "समजला का?"

समोर गिरणीमालक बसले होते. बूट थांबलेला होता. लोकांना वाटले, हाही कार्यक्रमाचाच भाग. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. रीतीप्रमाणे उत्तर येईपर्यंत मी जागचा हलत नाही, म्हणून हललो नाही.

ते हळूच म्हणाले, "समझ गया, मुंशीजी."

पुन्हा टाळ्या पडल्या. नाश्त्याचे ताट येण्याआधीच ते निघून गेले. शाल नेली, नारळ खुर्चीवर राहिला.

घरी आल्यावर मी मुलीला समोर उभे केले. तिच्या डोळ्यांत अपराध नव्हता, आनंद होता. कोणीतरी त्या प्रसंगाचा व्हिडिओ काढला होता आणि तो ती पुन्हा पुन्हा पाहत होती.

"बाबा, आप तो छा गए! हमारे लाइव्ह में आना पड़ेगा आपको."

"ते रेकॉर्ड करण्याआधी मले काहून नाही विचारलं?"

"विचारती, तो तुम्ही नाही म्हणता."

"नाही म्हणतो म्हणूनच विचारा लागते! हौ म्हणणाऱ्याले कोण विचारते?"

तिने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मी म्हटले, "माहं सोड. त्या बाईले विचारलं का? तिचा अंगठा घेतला?"

"नाम तो मैंने काट दिए ना, बाबा."

"नाव कापलं, अन् गिरणी पाहुण्याचीच हाये ते डोक्यातून काढून टाकलं. अन् मागणी? ते काहून कापली?"

"एका बाजूत जागाच नव्हती. अन् तिथे कट केलं की इफेक्ट येतो."

इफेक्ट. एका म्हाताऱ्या बाईची मागणी कापली की इफेक्ट येतो. मी पाणी प्यायलो. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, आधी जेवून घ्या. रिकाम्या पोटी तुमचा आवाज मोहल्लाभर जाते." मी जेवलो.

पुढच्या पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी मी मुलीला बजावून, तबकडीसकट, शेडमध्ये हजर केले. अर्जदार बाई आली. केसांत, भुवयांत तीच पिवळट धूळ. मी घडलेले सगळे तिला क्रमवार सांगितले, माझ्या अपरोक्ष काय झाले तेही. मुलीने मान खाली घालून मोबाइलवर गाणे लावले. बाई कान देऊन ऐकत होती. 'कोंडा कोंडा' आले तेव्हा ती हसली, हे माझ्या अपेक्षेच्या विरुद्ध होते.

"असाच येते तो," ती म्हणाली. "थांबतच नाही बाप्पा."

गाणे तुटले. ती मोबाइलकडे वाकून म्हणाली, "अन् मागणं कोठी गेलं?"

"जागा नव्हती, आजी," मुलगी म्हणाली. मराठीत म्हणाली.

"मागाले जागा कदी रायते का, माय?"

मुलीने मोबाइल पालथा ठेवला. मग मी सांगितले की, उरलेले मी वाचले, पूर्ण वाचले, आणि गिरणीमालकासमोर वाचले.

बाई सावरून बसली. "तो समोर व्हता?"

"हौ. मले म्हणाला, समजलं."

"त्याच्या तोंडानं?"

"त्याच्या तोंडानं."

"मंग त्याची पावती कोठी आहे, भाऊ?"

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे की पावतीवाचून अर्ज दिलाच नाही असे समजा. हेच वाक्य तिने माझ्यापुढे ठेवले. लॉनमध्ये आवक शाखा नसते.

मी नवा कागद घेतला. जे घडले ते सगळे लिहिले. तबकडीच्या पुठ्ठ्यावर, हळदकुंकवाच्या शेजारी, लिहिले: 'वाचून दाखविले. गैरअर्जदाराने समजले असे सर्वांसमक्ष सांगितले.' खाली साक्षीदार म्हणून मुलीची सही घेतली. ती म्हणाली, "बाबा, कवर खराब होईल." मी बोट ठेवले तिथे तिने सही केली. मग अर्ज मी बाईला वाचून दाखवला, पूर्ण. तिने अंगठा दिला. गाणे वाजू द्यायचे का, हेही मी मुलीलाच तिला विचारायला लावले. बाई म्हणाली, "वाजव. पण पुरा वाजव."

आवक शाखेतल्या बाबूने अर्ज घेतला आणि तबकडी परत ढकलली.

"यह क्या है? गोल चीज फाइल में कहाँ लगाऊँ?"

"सोबतचे कागदपत्र म्हणून नमूद आहे," मी म्हटले. "लावावी लागेल."

"अरे मुंशीजी, इसमें पंच कहाँ से मारूँ?"

"मधात छेद हायेच, बाबूजी. सरकारचं काम त्यांनी आधीच करून ठेवलं."

त्याने तबकडी उजेडाकडे धरून त्या छेदातून माझ्याकडे पाहिले. मग फाइलची हिरवी नाडी ओवली, गाठ मारली आणि बाईच्या प्रतीवर शिक्का उठवला. बाईने पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी दोनदा चाचपली.

पाइपाचे तोंड मी हे लिहीपर्यंत तिच्या अंगणाकडेच आहे. तबकड्या पुन्हा काढायच्या झाल्यास मागणी त्यात पूर्ण यावी, आणि जागा नसेल तर स्वतःचे एखादे गाणे काढावे, असे मी मुलीला लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही, जरी ती माझ्याच घरात राहते. दरम्यान कचेरीत तबकडी वाजवण्याचे यंत्र नाही, हे ध्यानात घेऊन मी एक पुरवणी अर्ज दिला असून त्यात असे नमूद केले आहे की, पुढील पेशीस सदर यंत्र अर्जनवीसाची मुलगी स्वतः घेऊन हजर राहील आणि साहेबांसमक्ष वाजवील.

तिला विचारलेले नाही.